ताणाचा ब्रेक उशिरा लागतो तेव्हा

१९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २६ बायकांच्या हातावर त्यांनी मुद्दाम एक जखम केली होती. जखम लहानशीच, साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीच्या निम्मी. बायका साधारण साठीच्या. त्यांतल्या १३ जणी घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करत होत्या. उरलेल्या १३ जणींवर तशी जबाबदारी नव्हती. वय आणि उत्पन्न दोन्ही गटांत जुळतं घेतलं होतं. मग जखमेचे फोटो काढत राहायचे आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघायचं. फेस आला म्हणजे जखम अजून उघडी आहे, फेस यायचा थांबला की भरली.

सेवेचा भार नसलेल्या बायकांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. सेवा करणाऱ्या बायकांना जवळजवळ ४९ दिवस लागले.

ताणाबद्दल बोलायला लागलं की कुणीतरी म्हणतंच, ‘अहो, सगळे मनाचे खेळ आहेत.’ अशा वेळी मला हा प्रयोग आठवतो. या बायकांना ‘तुम्हाला कसं वाटतंय’ एवढंच विचारून निष्कर्ष काढलेला नव्हता. कातडी किती दिवसांत सांधली, ते मोजलं होतं.

खरं तर मराठीला हे जुनंच ठाऊक आहे. माणूस धसका घेतो, हाय खातो, काळजी त्याला आतून पोखरते. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात. मनाची अवस्था सांगायला आपण बहुतेक वेळा शरीराचेच शब्द वापरतो. मनातली काळजी कातडीपर्यंत, हाडांपर्यंत, रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचते कोणत्या वाटेनं, आणि साठी-सत्तरीनंतर ती वाट जास्त घातक का ठरते, एवढंच इथे बघायचं आहे.

दोन वेगांची यंत्रणा

समजा, अंधारात कुत्रं अंगावर धावून आलं. मेंदूचा पहिला निरोप मज्जातंतूंमधून जातो. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. काही सेकंदांत छाती धडधडायला लागते, रक्तदाब चढतो, घशाला कोरड पडते. पळा नाहीतर लढा, अशी ही तयारी. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिचं वर्णन करून ठेवलं आहे.

दुसरा निरोप सावकाश, रक्तातून जातो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला सांगतो, ती अधिवृक्क ग्रंथीला सांगते, आणि मग कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बाहेर पडतं. त्याचं प्रमाण टिपेला पोहोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. कॉर्टिसॉल यकृताला रक्तात साखर सोडायला लावतं, सूज आणि दाह दाबून धरतं, आणि जी कामं पुढे ढकलता येतील ती ढकलतं. हाडांची डागडुजी, स्नायूंची भर, जखमा भरणं, जंतूंविरुद्धची सावकाश चालणारी तयारी, हे सगळं थोडं मागे पडतं. आधी जीव वाचू दे, बाकीचं उद्या बघू, असा हा हिशोब.

हिशोब चोख आहे, फक्त त्यात उद्या यावा लागतो. कुत्रं निघून गेलं, तुम्ही घरात येऊन पाणी प्यायलात, की यंत्रणा बंद व्हायला हवी. ती बंद करायचं कामही कॉर्टिसॉलच करतं. रक्तातून ते मेंदूत पोहोचतं आणि तिथे हिप्पोकॅम्पस नावाच्या, आठवणी साठवण्याशी संबंधित भागाला जाऊन चिकटतं. हिप्पोकॅम्पस मग हायपोथॅलॅमसला आवरतं घ्यायला लावतो. कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) मेंदूच्या या भागात आहेत, हे १९६८ साली ब्रूस मॅक्यूअन यांनी उंदरांमध्ये दाखवलं. पुढे १९९३ मध्ये त्यांनी आणि एलियट स्टेलर यांनी सततच्या ताणामुळे शरीरावर साचत जाणाऱ्या झिजेला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ हे नाव दिलं. नाव जडच आहे. ‘साचलेली झीज’ म्हणा, पुरे.

वाढत्या वयाचा सगळा मुद्दा यंत्रणा बंद करणाऱ्या या ब्रेकपाशी येतो.

म्हातारपणी ताण जास्त असतो का?

आपली समजूत अशी की म्हातारी माणसं जास्त काळजी करतात. पाहण्यांमध्ये मात्र अनेकदा उलटं दिसतं. रोजची चिडचीड, भांडणं, किरकोळ गोष्टींचा त्रागा वयाबरोबर कमी होतो. कुठे बोलायचं, कुठे कानाडोळा करायचा, कुणाच्या नादी लागायचं नाही, हे माणूस पन्नास-साठ वर्षांत शिकलेला असतो. मानसशास्त्रज्ञ सुझन चार्ल्स यांनी २०१० मध्ये याची एक नेमकी मांडणी केली: ताण टाळण्याची हातोटी वयाबरोबर वाढते, पण ताण टळलाच नाही तर त्यातून शरीर सावरायची ताकद मात्र घटलेली असते.

म्हणजे सत्तरीतला माणूस किरकोळ भांडण तिशीतल्या माणसापेक्षा चांगलं निभावून नेतो. पण जोडीदाराचं दोन-चार वर्षं चाललेलं आजारपण, न थांबणारं गुडघ्याचं दुखणं, एकटेपणा, पैसे पुरतील का ही धास्ती, उद्या आपण कुणावर तरी अवलंबून राहणार ही भीती, यांकडे कानाडोळा करता येत नाही. यंत्रणा चालू होते आणि चालूच राहते.

ब्रेक झिजलेला असतो तो असा. म्हातारपणी कॉर्टिसॉलचा ‘पुरे’ हा निरोप मेंदूला पूर्वीइतका स्पष्ट ऐकू जात नाही. त्याच ताणाला कॉर्टिसॉल जास्त सुटतं, आणि अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हा फरक पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये बराच मोठा असतो. कॉर्टिसॉलचं रोजचं घड्याळही सपाट होतं. एरवी सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. वयाबरोबर रात्रीची पातळी हवी तेवढी खाली उतरत नाही. शरीर झोपतं, यंत्रणा धुगधुगत राहते. तिकडे रक्तवाहिन्या ताठर झालेल्या असतात, त्यामुळे तेवढ्याच धक्क्याला वरचा रक्तदाब जास्त उसळतो.

आतली धग

पुन्हा जखमेकडे येतो, कारण सगळ्यात शिकण्यासारखं तिथेच आहे. जखम भरायला सुरुवातीला थोडा दाह लागतो. रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, कचरा साफ करतात, मग नवी कातडी धरते. त्या पेशींना बोलावणारी रसायनंच कॉर्टिसॉलनं दाबून धरली तर साफसफाई रेंगाळते. त्याच संशोधकांनी १९९६ मध्ये फ्लूच्या लशीवर असाच अभ्यास केला. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची सेवा करणारी ३२ माणसं, आणि तशी जबाबदारी नसलेली तेवढीच. लस सगळ्यांना तीच. सेवा करणाऱ्यांच्या शरीरात प्रतिपिंडं कमी तयार झाली.

इथवर सरळ आहे. ताण वाढला, कॉर्टिसॉल वाढलं, प्रतिकार मंदावला. पण कॉर्टिसॉल दाह दाबत असेल, तर वर्षानुवर्षं ताणाखाली असलेल्यांच्या अंगात दाह कमी सापडायला हवा. सापडतो जास्त.

कारण एका घरगुती उदाहरणानं कळतं. घरात एखादा माणूस दिवसभर ओरडत राहिला की बाकीचे त्याच्याकडे लक्ष देईनासे होतात. प्रतिकारक पेशीही तेच करतात. सतत चढलेल्या कॉर्टिसॉलचा हुकूम त्या मानेनाशा होतात आणि दाह दाबायला कुणी उरत नाही. म्हणजे दोन्हीकडून तोटा: जखमेसाठी, लशीसाठी जो प्रतिसाद वेळेवर हवा तो कमी, आणि जो नको तो मंद दाह अंगात कायमचा.

वयाबरोबर असा मंद दाह तसाही वाढतो. त्यावर ताणाची भर किती पडते, ते २००३ च्या एका अभ्यासात दिसलं. वयस्कर जोडीदारांच्या रक्तातल्या इंटरल्यूकिन-६ या दाह दाखवणाऱ्या प्रथिनावर सहा वर्षं नजर ठेवली होती. स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याची किंवा बायकोची सेवा करणाऱ्यांमध्ये ते इतरांच्या सुमारे चौपट वेगानं वाढत होतं. पुढचा भाग वाचून मी थबकलो होतो. ज्यांचा जोडीदार या काळात गेला, त्यांच्यात ही वाढ काही वर्षांनंतरही ओसरली नव्हती. सेवा संपली होती, धग राहिली होती.

हृदय, आणि बाकीची झीज

हा मंद दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तराला खरबडवतो, तिथे चरबीचे थर धरतात, वरून रक्तदाबाचे हेलकावे. त्यामुळे दीर्घ ताणाचा हृदयाशी संबंध सगळ्यात पक्का मानला जातो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांत केलेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याच्या नऊ प्रमुख कारणांमध्ये मानसिक-सामाजिक ताण होता. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांच्या पंगतीत.

दुःखाचा एकदम बसलेला घाव वेगळा. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या ४,४८६ विधुरांची माहिती तपासली गेली. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्के जास्त होतं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. पुढे ते हळूहळू नेहमीच्या पातळीवर आलं. ‘ती गेली आणि त्यानं हाय खाल्ली’ याला आकडा मिळाला तो असा.

ताकोत्सुबो नावाचा एक आजारही आहे. जपानी डॉक्टरांनी तो १९९० मध्ये नोंदवला. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो आणि जपानी मच्छीमारांच्या ऑक्टोपस धरायच्या मडक्यासारखा, अरुंद तोंडाचा दिसायला लागतो. छातीत हुबेहूब झटक्यासारखंच दुखतं, पण रक्तवाहिनीत गुठळी सापडत नाही. साधारण दहांतले नऊ पेशंट म्हणजे पाळी गेलेल्या स्त्रिया असतात. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. तरी घरात बसून हा झटका की ताकोत्सुबो हे ओळखता येत नाही, तेव्हा छातीत दुखलं की ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून थांबायचं नाही.

बाकीची झीज समजून घ्यायला एक सोपा आडमार्ग आहे. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या माणसाला आठवा. ती औषधं कॉर्टिसॉलच्याच कुळातली. साखर वाढते, पोटावर चरबी येते पण दंड-मांड्या बारीक होतात, कातडी कागदासारखी पातळ, हाडं ठिसूळ, सर्दी-खोकला हटत नाही. दीर्घ ताणात हेच, पण पुष्कळ सौम्य मात्रेत आणि सावकाश होतं. सौम्य आहे म्हणून दुर्लक्ष करावं असं नाही, कारण सत्तरीत हाडं आणि स्नायू आधीच उतरणीला लागलेले असतात. पाय लटपटून पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं याला त्या वयात एवढंसं निमित्त पुरतं.

मेंदूचं सांगायचं तर ब्रेक लावणारा हिप्पोकॅम्पसच चढ्या कॉर्टिसॉलनं दुबळा होतो, म्हणून ब्रेक आणखी उशिरा लागतो. फिरून फिरून तेच. आणि पोटाचं? ‘काळजी करून करून अल्सर झाला’ हे पूर्वी डॉक्टरही सांगायचे. पुढे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्यामागे असल्याचं दाखवलं आणि त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या, आणि त्या म्हातारपणीच जास्त पोटात जातात. ताणाच्या माथी सगळं मारायची सवय जुनी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

‘वय झालं’ आणि ‘टेन्शन आहे’

ताणाखालच्या वयस्कर माणसाची तक्रार क्वचितच ‘मला ताण आहे’ अशी असते. झोप लागत नाही, पहाटे तीनला जाग येते, भूक मेली, अंग दुखतं, चक्कर येते, काही लक्षात राहत नाही. ऐकणारा म्हणतो, वय झालं. ही एक चूक. दुसरी तितकीच वाईट: सगळं ताणावर ढकलायचं. थायरॉइड मंदावलेलं असेल, बी-१२ कमी असेल, रक्त कमी असेल, एखाद्या औषधाचा परिणाम असेल, नैराश्य असेल, तरी नेमक्या याच तक्रारी होतात. ते तपासून झाल्याशिवाय ताणाचं नाव घेऊ नये. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’, म्हणजे ग्रंथी थकल्या, असं सांगून पुड्या-गोळ्या विकणाऱ्यांपासूनही लांब राहा. अंतःस्राव ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या लेखी असा आजारच नाही.

झोपेच्या गोळ्यांबद्दल एक वाक्य: पासष्टीपुढे बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात असं वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ सांगतात, कारण त्यांनी तोल जाऊन पडण्याचं आणि गोंधळायचं प्रमाण वाढतं. आधीपासून चालू असतील तर मात्र आपल्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत.

ब्रेकला मदत

‘काळजी करू नका’ हा सल्ला मला नेहमीच थोडा निर्दय वाटतो. ज्याचं माणूस अंथरुणावर आहे, त्यानं काळजी कशी सोडायची? ताण जात नसेल तर त्याला मधे मधे खंड पाडता येतो का, हे बघणं जास्त कामाचं.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला, ६६ ते ९६ वयाच्या जोडप्यांचा एक अभ्यास इथे डोळे उघडतो. चार वर्षांत, जोडीदाराची सेवा करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या माणसांत मृत्यूचं प्रमाण तशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त होतं. पण सेवा करूनही ज्यांना ती जड झाली नव्हती, त्यांच्यात असं काही दिसलं नाही. म्हणजे सेवा हे विष नव्हे, विसाव्याशिवायची सेवा हे विष. आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी जागायचं ठरवलं, तर त्या दोन रात्री अधिवृक्क ग्रंथीही झोपते, असं समजायला हरकत नाही.

चालण्याचा पुरावाही चांगला आहे. २०११ च्या एका प्रयोगात १२० वयस्कर माणसांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीनदा चालायचा, वाढवत वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत, दुसरा गट अंग ताणायचे हलके व्यायाम करायचा. वर्षानं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के आकसला होता. ब्रेकच्या जागेचीच ही डागडुजी. चालण्याच्या जोडीला तोल सांभाळायचे व्यायामही हवेत, पडणं टाळण्यासाठी.

माणसांत असणं हाही उपचार आहे. आणि एक गोष्ट घरचे लोक प्रेमापोटी हमखास बिघडवतात: वयस्कर माणसाच्या हातातले निर्णय काढून घेणं. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या रहिवाशांना रोपं निवडायला आणि स्वतः सांभाळायला दिली, तुमचं तुम्ही ठरवा असं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार होत्या. तीन आठवड्यांत पहिला मजला जास्त तरतरीत आणि आनंदी दिसला. प्रयोग छोटा होता, त्याच्या पुढच्या आकड्यांवर टीकाही झाली, तेव्हा त्याच्यावर इमले बांधायला नकोत. पण कुठली औषधं कधी घ्यायची, खोलीत काय कुठे ठेवायचं, कुणाला भेटायचं, हे ज्याचं त्याला ठरवू द्यायला पैसे पडत नाहीत.

शेवटी, डॉक्टरकडे जाताना करायचं एक काम. तक्रारींची यादी बहुतेक जण नेतात. त्या यादीत प्रत्येक तक्रारीपुढे ती साधारण कधी सुरू झाली तो महिना लिहा, आणि त्याच्या शेजारी त्या सुमाराला घरात काय चाललं होतं तेही लिहा: कोण गेलं, कोण आजारी पडलं, कुणाची रात्रीची झोप कुणासाठी मोडत होती. आणि पेशंटला घेऊन आलेल्या, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचाही रक्तदाब त्याच भेटीत मोजून घ्या. तो बरेचदा कित्येक महिन्यांत मोजलेला नसतो.